सहाच्या ठोक्याला

टिकू पाच आठवड्यांची असताना नणंद तिला बघायला आली. पाळण्यावर वाकली, हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाली, "अगं बाई, डोळे अगदी आप्पांवर गेलेत!"

ती आपली सहज बोलून गेली. चहा प्यायली, मला "जरा खात जा, वाळून काटकी झालीस" असं म्हणाली आणि जिना उतरली. मी मात्र त्या एका वाक्यापाशी उभीच राहिले. कारण आप्पा, म्हणजे माझे सासरे, त्या वेळी आतल्या खोलीत बसून होते आणि गेली नऊ वर्षं त्यांना काहीही दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला, मग सावकाश उजवा. आता दिवस नाही की दिवा नाही. "लोकांना वाटतं मला सगळीकडे काळं दिसतं," ते म्हणायचे. "अगं, काळं दिसायलासुद्धा डोळा लागतो."

त्या दिवसापासून मी टिकूच्या डोळ्यांवर पाळत ठेवायला लागले.

आमच्या घरात ते सोपं नव्हतं. नवरा पावाच्या भट्टीवर कायमच्या रात्रपाळीला. सकाळी साडेसातला भुवयांना पीठ लावून घरी यायचा आणि तीनपर्यंत झोपायचा. दिवसा झोपायचं तर आधी रात्र तयार करावी लागते. ती त्यानं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात स्वतःच्या हातानं केली होती. बाहेरच्या खोलीच्या एकुलत्या एक मोठ्या खिडकीवर दोन पदर शिवलेलं काळं कापड, चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून ताणलेलं. सुईच्या टोकाएवढा उजेड आला तरी त्याला झोप लागत नसे. आप्पांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून होती. स्वयंपाकघरात वर हातभर झरोका, आणि जिन्यात भर दुपारी ट्यूब जळायची. अशा घरात मी दवाखान्यातून टिकूला आणलं.

टिकू हे नाव आप्पांचं. टिकटिकवरून. चाळीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळे गेले तरी बोटं गेली नव्हती. उशाशी एक गजराचं घड्याळ असायचं, त्याची काच काढून टाकलेली. काट्यांना बोट लावून ते वेळ बघत. टिकूला पहिल्यांदा मांडीवर दिली तेव्हा तिच्या छातीला कान लावून म्हणाले, "मशीन फर्स्टक्लास आहे. फक्त अजून लावलेलं नाही."

सासूबाई हे बघायला नव्हत्या. टिकूच्या जन्माआधी पाच महिने त्या गेल्या. त्या होत्या तेव्हा घर त्यांच्यावर चालायचं आणि आप्पा तर पूर्णच. सकाळी सहाला त्या आप्पांच्या कपाळावर हात ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "सहा वाजले." मग चहा, मग अंघोळ, मग हात धरून कोपऱ्यापर्यंत फेरी. रोज. तापातसुद्धा. त्या गेल्यावर आप्पांची झोप उडाली असं आम्ही समजलो. कधी रात्री जागे, कधी भर दिवसा घोरताहेत. म्हातारा माणूस, त्यात हे दुःख. कोण कशाला हिशेब ठेवतो?

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा टिकू सात आठवड्यांची होती. सकाळचे साडेअकरा असतील. मी तिला दूध पाजून पाळण्यात ठेवलं होतं आणि स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नवरा पलंगावर मेल्यासारखा झोपलेला. हात पुसत बाहेर आले तर पाळणा हलत होता.

थोडासाच. कुणीतरी हात काढून घेतल्यावर हलावा तसा.

टिकू जागी होती. रडत नव्हती. अंधारात डोळे टक्क उघडे आणि ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून हसत होती. मी मागे वळले. मागे दाराची रिकामी चौकट. मी तिची मूठ उघडली तर तिला तेलाचा वास येत होता. खाण्याचं तेल नव्हे, यंत्राला घालतात तसलं, पातळ, थंड. पाळण्याच्या कड्यांचा असेल, मी मनाला सांगितलं. अंगावर आलेला काटा मात्र बराच वेळ बसला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. जरा उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी जरा उशिरा.

आठ आठवडे झाले आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई वजन करायला आल्या. जाडजूड, दमेकरी, बोलण्यात फटकळ. काट्याला झोळी अडकवता अडकवता म्हणाल्या, "अहो, ही खोली आहे की फोटो धुवायची जागा? वजन दिसेना मला!"

"हे झोपलेत ना."

"हे झोपले म्हणून सगळ्या घरानं झोपायचं?" त्यांनी मोबाइलचा उजेड काट्यावर धरला. वजन ठीक होतं. मग सवयीनं विचारलं, "नजर धरते का? खेळणं फिरवलं तर डोळे मागे फिरतात?"

मी म्हटलं, "फिरतात की."

खोटं होतं ते. मी लाल खुळखुळा कितीदा फिरवला होता. आवाज झाला की ती मान वळवायची. आवाज न करता फिरवला की नाही. टॉवेलाआडून टॉर्चही लावून पाहिला होता. ती टॉर्चच्या शेजारी कुठेतरी बघत राहिली.

"आणि झोप?"

"रोज उशिरा उठते. म्हणजे मोठी झोप संपते ती वेळ रोज पुढे सरकते."

"मग लिहून ठेवा. तीन महिन्यांच्या आत बाळाला रात्र कळत नाही, आपणच शिकवायची. डोक्यात घड्याळ असतं, पण ते लावतो उजेड. डोळ्यांतून आत गेला तर." त्या झोळी घडी करत होत्या. "एकदा केंद्रात आणा हिला. तिथे उजेडात डॉक्टर बघतील."

डोळ्यांतून आत गेला तर. त्या जिना उतरेपर्यंत तो 'तर' माझ्या कानात होता. मी केंद्रात गेले नाही. आज सर्दी आहे, उद्या वारा आहे. खरं कारण एकच होतं. डॉक्टरांनी बघितलं असतं तर ते मला कळलं असतं.

वही मात्र सुरू केली. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र केलं होतं, चौकटीच्या कागदाची वही शिल्लक होती. दुसऱ्या वर्षाला आम्ही लाजाळूची कुंडी प्रयोगशाळेच्या कपाटात कोंडून ठेवली होती, चार दिवस. उजेडाचा कणही नाही. तरी तिची पानं सकाळ झाली की उघडायची, रात्र झाली की मिटायची. फक्त तिची सकाळ हळूहळू आमच्या सकाळपासून सुटत गेली. बाई म्हणाल्या होत्या, "रोपटं चुकत नाही. त्याचं स्वतःचं घड्याळ आहे आत. रोजचा सूर्य ते जुळवून देतो, एवढंच." तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. कपाटात डोकावायला मी दर तासाला पळत जायचे.

वहीतल्या पहिल्या नोंदी अशा: चार चाळीस. पाच वीस. सहा. सहा चाळीस. कधी पाच मिनिटं इकडे-तिकडे. रोज चाळीस मिनिटं. टिकू कपाटातलं रोपटं झाली होती, आणि कपाट मी उघडत नव्हते.

संध्याकाळच्या वेळा आल्या तेव्हा भीती कमी झाली. घर जागं असायचं, नवरा कामाला निघायच्या तयारीत, आप्पा पाळण्याशी बसून तिच्या तळव्यावर बोटानं टिकटिक करताहेत. आजोबा नातीपाशी बसतात, त्यात काय नवल? मला डोळे होते, समोर घडत होतं आणि मला दिसलं नाही.

मग वेळ सरकत रात्रीत गेली. वही सुरू केल्यापासून दोन आठवड्यांनी ती दोन वाजता उठायला लागली. त्या रात्री मला जाग आली ती आवाजानं. मी पलंगावर, पाळणा हातभर अंतरावर, काळ्या कापडामागे रस्त्यावरचा दिवाही दिसत नाही असा अंधार. पाळण्याची कडी कुरकुरत होती. आणि कुणीतरी, अगदी हलक्या, श्वासाच्या आवाजात म्हणालं, "सहा वाजले."

सासूबाईंचं वाक्य. सासूबाईंचा सूर. शेवटचा 'ले' जरा लांबवलेला.

दिव्याचं बटण माझ्या उशापाशी होतं. मी लावला नाही दिवा. मी आई आहे, माझं लेकरू त्या अंधारात होतं आणि मी पांघरुणाचा कोपरा तोंडात धरून पडून राहिले. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कडीची कुरकुर थांबली तेव्हा मी हात लांबवून टिकूला चाचपली. ती गरम होती, जागी होती, पाय झाडत होती. मी तिला छातीशी घेतलं आणि अंधारातच विचारलं, "कोण आलं होतं गं?"

सकाळी नवऱ्याला म्हटलं, "आपल्या घरात कुणीतरी येतं."

तो बूट काढत होता. "दूधवाला?"

"चेष्टा नको. आई येतात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पिठाच्या भुवया, लाल डोळे. चेष्टा गिळून म्हणाला, "तू झोप बघू आधी. किती दिवस सलग झोपली नाहीस? माणूस तीन रात्री जागला की त्याला काहीही ऐकू येतं. मला भट्टीत पाव हाक मारतात." आणि तो त्याच्या शिवलेल्या रात्रीत शिरला.

वही भरत गेली, रोज एक ओळ. पंचविसाव्या ओळीला वेळ होती सकाळी आठ चाळीस. नवरा नुकता झोपला होता. मी आप्पांना चहा घेऊन गेले. ते पलंगावर ताठ बसलेले, मांडीवर ते बिनकाचेचं घड्याळ, मागचं झाकण उघडं, बोटांना तेल. मी बशी ठेवली आणि माझी नजर काट्यांवर गेली. सव्वासहा.

"आप्पा, घड्याळ बंद पडलंय का?"

"बंद कसलं! पळतंय लेकाचं. रोज चाळीस मिनिटं पुढे. तीनदा उघडलं, आतली केसाएवढी स्प्रिंग चाचपली, सगळं जागच्या जागी. मग रोज सकाळी मी आपलं मागे घेतो, सहावर आणून ठेवतो."

"सहावरच का?"

"सहाला ती उठवते ना."

मी बशी त्यांच्या हातापाशी सरकवली.

"कपाळावर हात ठेवते. काही म्हणत नाही आता, पण हात कळतो. चाळीस वर्षांत तिचा सहाचा ठोका चुकला नाही, आता चुकेल होय? चुकतंय ते हे."

"पण आप्पा, आत्ता पावणेनऊ झालेत. सकाळचे."

ते हसले. "चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि मला वेळ शिकवतेस? तुमची मोबाइलं कंपनी लावते. कंपनीचं घड्याळ कोण लावतं?"

"रस्त्यावरचे आवाज ऐका की."

"रस्त्याला रात्र असते का हल्ली?"

मी बाहेर आले आणि वहीत टिकूच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखला. वर लिहिलं 'आप्पा'. सात दिवस मी स्वयंपाकघरातून कान देऊन त्यांच्या पलंगाचा आवाज टिपला. नऊ दहा, नऊ पन्नास, दहा तीस. टिकू रोज त्यांच्यामागून दहा मिनिटांनी. पेन्सिलीनं रेघ जोडली तर दोन रेघा शेजारी शेजारी, एकाच उतारानं खाली चालल्या होत्या. आगगाडीच्या रुळांसारख्या.

आप्पांना उजेड पोचत नाही म्हणून त्यांची सकाळ सुटत गेली, हे मला कळत होतं. इतके दिवस सासूबाईंचा हात त्यांना रोज लावत होता. तो हात गेला आणि घड्याळ मोकळं सुटलं. कळत होतं. पण मग टिकूची रेघ? दोन रोपटी एकाच कपाटात. डोळे अगदी आप्पांवर गेलेत. आणि त्याहून वाईट विचार, जो मी पूर्ण करत नसे: की आप्पांना उठवणारा हात त्यानंतर दहा मिनिटांनी पाळण्याकडे येतो.

तेहतिसाव्या ओळीच्या दिवशी मी ठरवलं, बघायचंच. वहीप्रमाणे टिकूची वेळ होती दुपारी दोन. दीड वाजता मी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवला, भांड्यांवर पाणी पडत राहील असा, आणि अनवाणी येऊन बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात कपाटाला पाठ लावून उभी राहिले. नवऱ्याचा घोरण्याचा आवाज. टिकूचा श्वास, बारीक, मध्येच अडखळणारा. घामाचा थेंब पाठीवरून उतरत कमरेपर्यंत पोचला तो मला आठवतो.

पलंग करकरला. आतल्या खोलीचा.

मग काहीच नाही. काठीचा आवाज नाही, पाऊल नाही. काळोखात फक्त एवढं जाणवलं की दाराची चौकट आता रिकामी नाही. आणि तेलाचा वास.

आप्पा. काठी न घेता, भिंतीला एक बोट लावून, मांजरासारखे. नऊ वर्षांच्या सरावाचं चालणं. त्यांना अंधार नव्हताच; अंधार माझ्यासाठी होता. ते पाळण्याशी वाकले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्या सासूबाईंच्या आवाजात म्हणाले, "सहा वाजले."

टिकू जागी झाली. टिकू हसली, मला हसण्याचा आवाज आला.

मी खालीच बसले. "आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही?"

ते दचकले नाहीत. "जागी आहेस होय? तुला उठवू नये म्हणून हळू येतो. तिचा हातच सांगतो, जा, पोरीला लाव. लहानपणी नाही लावलं तर जन्मभर मागेपुढे होत राहील." मग जरा थांबून, लाजल्यासारखे, "तिच्यासारखं म्हटलं की टिकू लगेच उठते."

महिनाभराची भीती एका श्वासात बाहेर पडली. भूत नव्हतं. एक आजोबा होता, रोज नेमानं नातीला स्वतःच्या सहाला उठवणारा. म्हणून रेघा जुळल्या. आप्पाच दोन्ही रेघा ओढत होते. मग टिकूचे डोळे... मग कदाचित...

कदाचित. मला आणखी एक दिवसही तो शब्द सहन झाला नसता. मी उठले, खिडकीशी गेले, काळ्या कापडाची खालची कड दोन्ही हातांत धरली आणि ओढली. पट्टी निघेना. पाय भिंतीला लावून पुन्हा ओढली. खिळे एकामागून एक सुटले, कापड फाटत वर गेलं आणि दुपारचं ऊन खोलीत आदळलं.

नवरा ताडकन उठून बसला. "काय झालं? आग लागली? अगं, काय दिवे लावतेयस!"

"तेच!" मी ओरडले. "तेच लावतेय!"

मी पाळण्याकडे बघितलं. टिकूनं दोन्ही डोळे घट्ट मिटले होते. सगळं तोंड चुरगळून लिंबाएवढं झालं होतं. मग तिला शिंक आली. मग आणखी एक. मग ती जिवाच्या आकांतानं रडायला लागली आणि मी पाळण्याचा दांडा धरून तिच्याहून मोठ्यानं. नवरा पलंगावर हाताची झापड करून आमच्याकडे बघत बसला.

थोड्या वेळानं एक डोळा किलकिला झाला. मग दुसरा. मी आवाज न करता लाल खुळखुळा उन्हात धरला आणि डावीकडून उजवीकडे नेला. ते दोन डोळे, आप्पांवर गेलेले, करडे, मोठे, त्याच्यामागून आले. अडखळत, पण आले. परत नेला. परत आले.

"दिसतंय तिला," मी म्हटलं. नवऱ्याला मी कशाबद्दल बोलतेय ते माहीतच नव्हतं. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

आप्पा अजून पाळण्याशी उभे होते. उन्हाचा पट्टा त्यांच्या मनगटावर पडला होता. ते हात उलटा-सुलटा करून बघत होते, म्हणजे चाचपत होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"हे कुठलं ऊन आहे?"

त्यांनी तळहात वर धरला.

"सकाळचं नाही हे. हे वरून येतंय. दुकानात हे जेवणानंतर यायचं, काउंटरवर, डाव्या हाताला." त्यांनी हात मागे घेतला. "माझं घड्याळ सहा म्हणतंय."

"घड्याळ बरोबर होतं, आप्पा," मी म्हटलं. "तुम्ही मागे घेत होता."

"म्हणजे ती सहाला येत नव्हती," ते म्हणाले. आणि भिंतीला बोट लावून आत निघून गेले. तेवढं एक वाक्य बोलताना त्यांचा आवाज इतका म्हातारा झाला की नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

नवरा आता आप्पांच्या खोलीत झोपतो, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि रोज मला शिव्या घालून. "रात्र उसवलीस माझी," म्हणतो. बाहेरची खोली उजेडाची झाली. टिकूला मी केंद्रात नेलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, नर्सबाई माझ्याकडे बघत "फिरतात की!" म्हणाल्या आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. दहा दिवसांत टिकूची रेघ वाकली, मग आडवी झाली. रात्री झोपते, सकाळी उठते. लाजाळू कपाटाबाहेर आली.

आप्पांची रेघ मात्र चाललीच होती, तिरकी, एकटी. त्यांनी घड्याळाला हात लावणं सोडलं. मी ते मोबाइलशी जुळवून रोज चावी द्यायचे; ते आता खरी वेळ दाखवायचं आणि आप्पा त्याच्याकडे पाठ करून पडायचे. जेवताना घास हातात तसाच राहायचा. नवरा म्हणाला, "डॉक्टरला दाखवू." मी म्हटलं, "थोडे दिवस थांब." वहीत मी त्यांची रेघ पुढे वाढवली होती. कापड फाडल्यापासून चोविसाव्या दिवशी त्यांची सहाची वेळ फिरत फिरत जगाच्या सहाशी येऊन टेकणार होती. एकच सकाळ. तिथे कुणी हात धरला नाही तर दुसऱ्या दिवशी सहा चाळीस आणि पुन्हा महिनाभर वणवण.

त्या चोविसाव्या सकाळी सहाला ते आपोआप उठून बसले. मी दारातून बघितलं आणि काही केलं नाही. अवघड दिवस दुसरा होता.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी टिकूला कडेवर घेऊन त्यांच्या उशाशी उभी राहिले. नवरा अजून भट्टीवरून यायचा होता. बाहेरच्या खोलीतला पहिला उजेड दारातून आत, त्यांच्या पायांपर्यंत आला होता. ते गाढ झोपेत होते. आणखी चाळीस मिनिटं झोपले असते. काटे सहावर आले तसा मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. 'आप्पा' हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळला. शेवटचा 'ले' जरा लांबवून म्हटलं, "सहा वाजले."

त्यांच्या पापण्या हलल्या. हात वर आला, माझ्या हातावर टेकला आणि तिथेच राहिला.

"आलीस?" ते म्हणाले. "आज हात ऊन आहे तुझा."

माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. पण मी हात काढला नाही. म्हटलं, "हो."

त्यांनी दुसऱ्या हातानं घड्याळ ओढलं, काट्यांवरून बोट फिरवलं. मोठा काटा सरळ वर, छोटा सरळ खाली. "सहा. ठोक्याला." चेहरा उजळला. "पळायचं थांबलं बघ. मी म्हटलंच होतं, तू चुकणार नाहीस."

त्यानंतर मी एकही सकाळ चुकलेली नाही. तापातसुद्धा. मग चहा, मग अंघोळ, मग हात धरून कोपऱ्यापर्यंत फेरी. फेरीत ते मला सूनबाई म्हणतात. सहाला म्हणत नाहीत.

आणि टिकू. तिला दिसतं, याची मला आता रोज खात्री होते. कावळा दिसतो, माझं कानातलं दिसतं, हलणारं कापड दिसतं. मी आप्पांच्या कपाळावर हात ठेवते तेव्हा ती माझ्या कडेवर असते. तिचे डोळे आप्पांवर नसतात, माझ्यावरही नसतात. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे फक्त भिंत आहे, तिथे ती बघते, मान जराशी कलती करून, आणि ओळखीचं हसते.

मी वहीत ते लिहीत नाही.